दोरा बांधलेलं टोकन

चिल्लरबाई हे काही तिला आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते तिला व्हिडिओ गेमच्या हॉलने दिलं, आणि हॉल बंद पडून आठ वर्षं झाली तरी ते काही सुटलेलं नाही. बाजारात अजूनही एखादा पोट सुटलेला, डोक्यावरचं छप्पर उडालेला गृहस्थ हातातल्या पिशव्या सांभाळत थांबतो, तिच्याकडे निरखून बघतो आणि म्हणतो, चिल्लरबाई ना तुम्ही? तिला ऐकू काही येत नाही, पण ओठ वाचता येतात. मग ती उलट विचारते, विमानावर की गाडीवर? म्हणजे बाबा रे, तू कुठल्या पेटीपुढे उभा राहायचास? तोंडं तिच्या लक्षात नाहीत. कोण कशापुढे उभा राहून पैसे उधळायचा, ते मात्र पक्कं लक्षात आहे.

तो हॉल काय चीज होती, हे आता सांगून कोणाला पटायचं नाही. कापडाच्या दुकानाच्या बाजूने अकरा पायऱ्या उतरल्या की तळघर. खिडकी एकही नाही. भिंतीवर घड्याळ होतं, ते मालकाने पहिल्याच महिन्यात उतरवलं आणि स्वतःच्या घरी नेऊन टांगलं. पुढच्या अर्ध्या भागात विमानं, गाड्या, मारामाऱ्या यांच्या पेट्या. मागच्या अर्ध्या भागात, पडद्यापलीकडे, दांडा ओढायच्या पेट्या. त्यात तीन चित्रं गरगर फिरायची आणि तिन्ही सारखी आली की खालच्या ताटलीत टोकनांचा धो धो पाऊस. आणि पायऱ्या उतरल्याबरोबर समोर काचेची एक पेटी, तिच्या काचेला खाली अर्धचंद्रासारखी फट, आणि आत ही. एकोणीस वर्षांची, दोन वेण्या, समोर लाकडी ट्रे. ट्रेला खाचा पाडलेल्या होत्या, एका खाचेत पन्नास टोकनं बरोबर मावायची, म्हणजे मोजत बसायला नको. नोट घ्यायची, खाच रिकामी करायची, की झालं. संध्याकाळी घरी गेल्यावर हाताला पितळेचा वास यायचा. साबण लावा नाही तर राख लावा, तो जायचा नाही.

मालक माणूस मोठा गोड. कधी आवाज चढवला नाही की कोणाचा पगार बुडवला नाही. पण धंद्यात असा मुरलेला, की विचारू नका. पहिल्या दिवशी त्याने तिला खुर्चीवर बसवलं, हातात एक टोकन दिलं आणि समजावलं.

"हे बघ, पैसा हातातून सुटताना माणसाला चिमटा बसतो. तो चिमटा एकदाच बसू दे, तुझ्या खिडकीशी. आत गेल्यावर परत बसता कामा नये. म्हणून टोकन. आणि तुझ्या तोंडातून पैसा हा शब्द काढायचा नाही. किती पैशांचे, असं विचारायचं नाही. किती टोकनं, असं विचारायचं."

तिला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं. घरी जाऊन तिने ते आईला हसत हसत सांगितलं होतं. आई हसली नव्हती, हे तिला पुढे कितीतरी वर्षांनी आठवलं.

जिंकलेली टोकनं परत देऊन पैसे मिळायचे, नाही असं नाही. पण ती खिडकी हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे मालकाचा मेहुणा बसायचा, म्हणजे बसायला हवा होता. तो कायम चहाला गेलेला. माणूस मूठभर टोकनं घेऊन तिथे ताटकळत उभा राहायचा, आणि उभा राहिला की शेजारची पेटी डोळे मिचकवायचीच. मेहुण्याला चहाचं काय एवढं वेड, असं तिने एकदा भोळेपणाने विचारलं, तर सगळा हॉल हसला. अहो, चहाला जाणं हीच त्याची नोकरी होती.

आणि डॉक्टर. डॉक्टर म्हणजे पेट्यांचा डॉक्टर, मेकॅनिक. बारीक अंगाचा, खिशाला चार स्क्रूड्रायव्हर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पेटी उघडून आत मान घालायचा तेव्हा फक्त चपला बाहेर दिसायच्या. रोज सकाळी हॉल उघडण्याआधी तो चाळीसच्या चाळीस पेट्या तपासायचा. आता तपासायचं तर टोकन टाकायला हवं, आणि टाकलेलं टोकन प्रत्येक वेळी गल्ला उघडून कोण काढत बसणार? म्हणून त्याने एका टोकनाला बारीक भोक पाडलं होतं आणि त्यात काळा दोरा ओवला होता. फटीत टोकन सोडायचं, आत टक् झालं, दिवा लागला, की दोरा ओढून टोकन परत हातात. मिनिटभर खेळायचं, दांडा बरोबर वळतो का, बटण अडकत नाही ना बघायचं, पुढची पेटी.

हा दोरा सारखा तुटायचा. मग डॉक्टर काचेच्या फटीतून टोकन आत सरकवायचा आणि ती खणातल्या रिळाचा दोरा काढून गाठ मारून द्यायची. तिची गाठ शिंप्याच्या घरातली, दातांनीसुद्धा सुटायची नाही. तरी आठवड्यातून दोनदा दोरा तुटलेला. तिला वाटायचं, रीळच कच्चं निघालं. लग्नाला सहा महिने झाल्यावर डॉक्टरने कबूल केलं, की पान्याच्या डब्यात त्याची एक छोटी कात्री असायची आणि तो स्वतःच दोरा कापायचा. वर म्हणाला, तुझ्या गाठीला कोण तोडणार, कात्रीलासुद्धा दमवलं तिने. बाईला त्या दिवशी आपल्या नवऱ्याचा जो काही लोभ आला, तो पुढे तीस वर्षं आटला नाही.

डॉक्टरला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. इतकी वर्षं खेळतोय, रोज चाळीस पेट्या, विमानाच्या पेटीवर सगळ्यात वरचा आकडा माझा, पण चटक म्हणून लागली नाही. सहा वाजले की पान्याचा डबा बंद, की चाललो घरी. लोक कसे काय अडकतात, हे त्याला खरोखरच कळायचं नाही. मनगटात जोर नसतो एकेकाच्या, असं म्हणायचा. आणि ती मान डोलवायची. तिलाही तेच वाटायचं. आपला माणूस लोखंडाचा आहे, असं कुठल्या बाईला वाटत नाही?

अडकलेले तिने पुष्कळ पाहिले. खिडकीतून माणूस छान दिसतो. खेळायला आलेला माणूस नोट सरळ पुढे करतो, काचेतून बघून हसतो. अडकलेला नोटेची बारीक घडी घालून आणतो, ती फटीतून सरकवतो आणि बघतो ट्रेकडे, तुमच्या डोळ्यांकडे कधीच नाही. आणि न विचारता सांगतो, हे शेवटचं.

एक घड्याळदुरुस्तीवाला यायचा. दुकान समोरच्याच गल्लीत. हाताची बोटं अशी नाजूक, की टोकनं उचलताना वाजायचीसुद्धा नाहीत. तो आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग रोज. एका दुपारी त्याने चार घड्यांची नोट सरकवली तेव्हा तिच्याने राहवलं नाही. ती बोलून गेली, "अहो, हे म्हणजे तुमच्या लेकीचे शाळेचे बूट झाले." तो माणूस असा दचकला की जणू कोणी झोपेत पाणी ओतलं. नोट घेऊन तो पायऱ्या चढून गेला. संध्याकाळी मालक आला. ओरडला नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, या खुर्चीत तू मला हवी आहेस बाई, पण ही खुर्ची तुलाही हवी असली पाहिजे. ती समजली. घड्याळवाला चार दिवसांनी परत आला, आणि तिने मुकाट्याने खाच रिकामी केली. पुढे त्याने हत्यारं विकली, दुकान विकलं. शेवटी शेवटी येताना त्याच्या मनगटावर घड्याळ नसायचं. ती टोकनं देत राहिली. बूट हा शब्द तिने पुन्हा काढला नाही, आणि ही गोष्ट तिला आजही खाते.

तर सांगत काय होते, कानांचं. तिच्या काचेच्या पेटीच्या बरोबर डोक्यावर मोठा स्पीकर. त्यात पडद्यामागच्या ताटल्या. आधी त्या जाड लोखंडी होत्या, टोकनं पडली की नुसतं खड खड व्हायचं. डॉक्टरला कल्पना सुचली, त्याने पातळ पत्र्याच्या ताटल्या बनवल्या, खाली पोकळी ठेवली. दहा टोकनं पडली तरी शंभर पडल्यासारखा झणझणाट. एक जण जिंकला की चाळीस जणांच्या माना वळायच्या. मालकाने खूश होऊन डॉक्टरला नवी सायकल घेऊन दिली. तो झणझणाट तिने वीस-बावीस वर्षं ऐकला. कान काही एका दिवसात गेले नाहीत, टोकनासारखे एकेक करून गेले. हॉल बंद झाला तेव्हा तिला लोक ओरडले तर ऐकू यायचं. तीन वर्षांनी तेही नाही.

कानाचं मशीन घ्यायचं, हे तेव्हाच ठरलं. दोन्ही कानांचं, चांगलं, आवाज फुटणार नाही असं. किंमत ऐकून डॉक्टर आधी पाणी प्यायला. पण ठरलं म्हणजे ठरलं. हॉल बंद होताना मालकाने दिलेली रक्कम बाजूला टाकली, त्यात डॉक्टर पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करून भर घालत गेला, लेकीने आपल्या परीने घातली. पाच वर्षं लागली. खातं दोघांच्या नावावर, पण व्यवहार डॉक्टरच्या फोनवर, कारण बाईला बँकेतला फोन कुठला ऐकू येतोय! आणि घाई तिला एकाच गोष्टीची होती. लेकीची मुलगी तीन वर्षांची झाली होती, तोंडाचा पट्टा अखंड चालू, आणि आजीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. लहान मुलांचे ओठ वाचता येत नाहीत हो. ती ओठांनी बोलतच नाहीत, सगळ्या अंगाने बोलतात. नात तिच्यासमोर नाचत काहीतरी सांगायची आणि ही नुसती हसायची. मग एकदा नात थांबली, आईकडे वळली, आणि तिला काहीतरी विचारलं. लेकीने ते सांगितलं नाही. पण बाईला समजलं.

शेवटी दिवस उजाडला. कानाच्या दवाखान्यातली तपासणारी मुलगी मोठी गुणी. तिने सांगितलं, आधी आठ दिवस घरी वापरून बघा, पटलं तर पैसे भरा, नाही तर परत करा. दोन्ही कानांत दोन शेंगदाण्याएवढी मशीनं बसवली आणि काहीतरी दाबलं. बाईने पहिला आवाज ऐकला तो खुर्ची सरकल्याचा. दुसरा, डॉक्टरचा. तो म्हणाला, येतंय का गं ऐकू? आवाज केवढा म्हातारा झाला होता! पाच वर्षं ती त्याच्या ओठांवरून वाचत होती तो आवाज तिच्या डोक्यात हॉलमधला होता, पंचविशीतला. तिला रडू फुटलं, आणि आपलं रडणंही ऐकू आलं म्हणून हसू फुटलं. डॉक्टर मात्र मान खाली घालून चपला शोधत होता. तिला वाटलं, गहिवरला असेल.

घरी आल्यावर तिने काय काय म्हणून ऐकलं नाही! नळ ठिबकतो, कपाटाचं दार कुरकुरतं, स्वतःच्या चपला फटक फटक वाजतात, आणि या बयेला इतकी वर्षं वाटत होतं की आपण मांजरीसारखं चालतो. जेवणं झाली. डॉक्टर रोजच्यासारखा बातम्या वाचायला म्हणून मागच्या गॅलरीत गेला. ती भांडी आवरत होती.

आणि तिला टोकनं पडल्याचा आवाज आला.

तोच. पातळ पत्र्याचा, खालच्या पोकळीचा, झणझणाट. क्षणभर तिचा हात आपोआप पुढे गेला, ट्रेच्या खाचेकडे. खोटं कशाला सांगू, तिला आनंद झाला. तिला वाटलं, डॉक्टरने एखादी जुनी पेटी कुठून तरी पैदा केली, दुरुस्त केली आणि आज मशीन आलं म्हणून आपल्याला ऐकवतोय. असले उद्योग त्याचेच. ओले हात पदराला पुसत ती लगबगीने गॅलरीत गेली, तोंडावर मावेना एवढं हसू घेऊन.

डॉक्टर खुर्चीत वाकून बसला होता. हातात फोन. फोनमध्ये तीन चित्रं फिरत होती.

त्याने मान वर केली, पण बघितलं तिच्या पदराकडे. डोळ्यांकडे नाही. आणि म्हणाला, "हे शेवटचं."

सव्वीस वर्षं काचेच्या आत बसून जे तिने हजार वेळा पाहिलं, ते आज काच नसताना समोर होतं. आता तिला एकेक आठवायला लागलं. वर्षभर डॉक्टर जेवणावरून लवकर उठतो. रात्री पांघरुणावर त्याचा अंगठा आपोआप हलतो. पंखा दुरुस्तीचे पैसे विचारले की म्हणतो, गिऱ्हाइकाने दिले नाहीत. घरात दुसरं कोणीही असतं तर पहिल्याच दिवशी आवाजावरून पकडलं असतं. हिला पकडता आलं नाही, कारण हिचे कान गेले होते. आणि कान कशाने गेले होते, ते मी वर सांगितलंच आहे.

किती गेले, तिने विचारलं. तो म्हणाला, फार नाही, चारेक हजार मोती. त्या खेळात पैशाचे मोती करून घ्यावे लागतात. मोती किती ते विचारत नाही, ती म्हणाली, पैसे किती? त्यावर तो पुन्हा मोत्यांचाच हिशोब सांगायला लागला, परवा नऊशे आले होते, त्याच्या आदल्या दिवशी सहाशे. अडकलेला माणूस आलेलेच सांगतो. गेलेले त्याला मुखोद्गत असतात, पण जिभेवर येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती एकटी बँकेत गेली आणि पासबुक भरून आणलं. पानं पुरली नाहीत, नवं पुस्तक घ्यावं लागलं. छोट्या छोट्या रकमा, दिवसाला तीन, चार, सात. पाच वर्षांची पुंजी चौदा महिन्यांत अशी मुंग्यांनी साखर न्यावी तशी गेली होती. खात्यात उरलं होतं ते मशीनच्या बॅटरीच्या दोन पाकिटांपुरतं. म्हणजे दवाखान्यात काल तो मान खाली घालून चपला शोधत होता, ते गहिवरून नव्हे.

घरी येताना तिला एवढा संताप आला होता, की रस्त्यातले सगळे आवाज नकोसे झाले. पण आल्यावर ती ओरडली नाही. मालकाकडून शिकली होती ना. कपाटातून तिने शिवणाचा डबा काढला. त्यात तळाशी, रिळांच्या खाली, ते टोकन होतं. भोक पाडलेलं, काळ्या दोऱ्याचं. हॉल बंद झाला त्या दिवशी डॉक्टरने ते तिच्या तळहातावर ठेवलं होतं, आणि दोघं त्या रिकाम्या तळघराच्या पायरीवर बसून थोडी रडली होती. तिने टोकन एका हातात घेतलं, त्याचा फोन दुसऱ्या, आणि दोन्ही त्याच्यापुढे धरले.

"डॉक्टर, याला दोरा आहे. मी बांधलेला. याचा दोरा कुठे आहे, दाखवा मला."

डॉक्टर त्या टोकनाकडे बघत हळूहळू बोलायला लागला. सुरुवातीला एका गिऱ्हाइकाने दाखवला खेळ. फुकट होता, तेव्हा दोन दिवसांत कंटाळा आला, काढून टाकणार होता. मग एकदा गंमत म्हणून थोडे पैसे घातले. आणि पैसे घातल्याबरोबर, त्याने छातीवर हात ठेवला, इथे काहीतरी जागं झालं. असं त्याला हॉलमध्ये कधी झालं नव्हतं. मग जायला लागले. पण तो घाबरला नाही, कारण पेट्या त्याला आतून बाहेरून ठाऊक. पडद्यामागच्या पेट्यांची चाकं तो स्वतः लावायचा; शंभर खाल्ले की सत्तर ओकायचे, मालकाचा नियम. लोकांना माहीत नव्हतं, त्याला होतं. ही फोनमधली पेटीसुद्धा इतकं खाऊन बसली आहे, आज ना उद्या ओतेलच, आणि ओतेल तेव्हा दुसऱ्याच्या हातात का पडू द्यायचं? त्याने वहीत आकडे मांडले होते. दुसऱ्या कोणाला सुचली नसती अशी चूक, तीस वर्षं मुरलेला मेकॅनिकच करू जाणे.

ती म्हणाली, अहो, तुमच्या पेटीला पोट होतं, पोटाला कुलूप होतं आणि किल्ली तुमच्या कमरेला होती. याला पोटच नाही, तर ओतेल कुठून? आणि आपण मनगटाचा जोर म्हणत होतो इतकी वर्षं! जोर नव्हता डॉक्टर, दोरा होता. टोकन परत हातात येत होतं म्हणून तुम्ही सहाला घरी येत होतात.

तेव्हा तो रडला. साठीच्या पुढचा माणूस, पण असा रडला की तिचा राग निम्मा तिथेच ओसरला. उरलेला निम्मा ओसरला नाही, आणि ओसरावा असं तिला वाटलंही नाही. आणि मनातून ती स्वतःवरही चिडली होती. बूट हा शब्द गिळला होता ना तिने, घड्याळवाल्याच्या वेळी? तो आज घरात येऊन बसला होता.

चौथ्या दिवशी लेक आली, नातीला घेऊन. तिने फोनमधून तो खेळ काढला, बँकेचे व्यवहार त्यातून तोडले, बापाला साधा बटणांचा फोन आणून दिला. एक शब्द वाकडा बोलली नाही, पण सासरी परत जाताना बापाच्या पायाशी वाकली नाही, नुसती उभी राहिली. पैसे मी भरते म्हणाली. आईने नाही म्हटलं. तुझ्या घरातले आधीच एकदा घातलेस, आता हे खड्डे आमचे आम्ही बुजवू.

तेवढ्या चार दिवसांत नातीने आजीचे कान भरून टाकले. सशाला शेपटी एवढीशीच का, रात्री नळ कुठे झोपतो, आजोबा कुठलं गाणं चुकीचं म्हणतात. आवाज थोडा घोगरा, र चा ल करणारा. बाई तिला पुन्हा पुन्हा तेच विचारायची, फक्त ऐकायला. एकदा नात वैतागून म्हणाली, आजी, तुला आता येतं ना ऐकू, मग सारखं काय काय असं का विचारतेस? डॉक्टर दारात उभा होता. तो तिथून निघून गेला.

या दिवसांत डॉक्टर सुधारला असं मी म्हणणार नाही. सहाव्या दिवशी तो तिच्याकडे आला, बघत होता भिंतीकडे, आणि इस्त्रीची कॉइल आणायला थोडे पैसे मागितले. तिने विचारलं, कुठल्या गिऱ्हाइकाची? तो म्हणाला, इस्त्री नाहीये गं. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन भाड्याने मिळतो. एवढं सांगून तो स्वतःच खाटेवर बसला. तिने त्याचा हात धरला. अंगठा हलत होता. ती धरून बसली, हलायचा थांबेपर्यंत.

आठव्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. ती मनाशी ठरवून गेली होती काय सांगायचं ते. गोंगाट फार होतो, डोकं दुखतं, आमच्या वयाला नाही मानवत. नवऱ्याची अब्रू झाकायची सवय असते बायकांना, आणि ती काही वेगळ्या मातीची नव्हती. तपासणाऱ्या मुलीने डबी पुढे ठेवली आणि हसून विचारलं, मग काय आजी, ठेवायची ना मशीनं? बाईने बोलायला तोंड उघडलं.

"परत करायची आहेत," डॉक्टर म्हणाला. "हिला छान ऐकू येतं. पैसे मी जुगारात घालवले."

मुलगी काही समजली नाही. तिने विचारलं, म्हणजे थोडे कमी पडताहेत का? डॉक्टरने मान हलवली आणि सगळी रक्कम सांगितली. आकडा, शेवटच्या पैशापर्यंत. मोती म्हणाला नाही. मग म्हणाला, तिच्या कानाचे पैसे होते. पाच वर्षं साठवलेले. मी परत साठवीन, तोपर्यंत हेच मशीन मिळेल ना?

आणि हे सगळं तो बोलला मुलीशी, पण बघत होता बायकोकडे, सरळ डोळ्यांत. तिने त्याच्या प्रत्येक शब्दाचा आवाज ऐकला, म्हातारा, थरथरता, आणि जपून ठेवला, जसा माणूस पावसाळ्याआधी सरपण ठेवतो. आता किती वर्षं पुरवायचा आहे, कोणास ठाऊक.

मग तिने आधी डाव्या कानातलं काढलं, मग उजव्या, आणि दोन्ही डबीत ठेवली. मुलीचे ओठ हलले, येत राहा आजी, असं काहीतरी. बाहेर रस्त्यावर सगळं पुन्हा निवांत झालं होतं, गाड्या नुसत्याच जात होत्या. डॉक्टर तिच्या पुढे येऊन उभा राहिला, तिला नीट वाचता यावं म्हणून, आणि विचारलं, चालत जायचं की बसने? तिने मनगटाला अडकवलेल्या पिशवीतून बसचे पैसे काढले, त्याच्या तळहातावर एकेक नाणं मोजून ठेवलं, आणि प्रत्येक नाण्याला मोठ्याने म्हणाली, पैसा, पैसा, पैसा. डॉक्टरने मूठ मिटली. मग ती नाणी तिच्या पिशवीत परत टाकून म्हणाला, चालत जाऊ.